टेपचा कान

मामांना सख्खा भाचा एकच. पण गॅरेजच्या त्या रस्त्यावरचा झाडून सगळा गोतावळा त्यांना मामाच म्हणायचा, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला टायरवालासुद्धा. मामांना ते आवडायचं. मामा म्हटलं की हक्क आला, थट्टा आली, थोडा मानही आला. ‘मामा बनवणे’ असाही एक प्रकार असतो आणि तो आपल्याच वाट्याला येईल, हे मात्र एकतीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

त्यांचं काम गाड्यांच्या वायरिंगचं. दुकान म्हणजे एकामागे एक दोन गाड्या जेमतेम मावतील अशी लांबट खोली, पुढे तीन गाड्यांपुरतं मोकळं अंगण आणि मागे वर घरात जाणारा जिना. भिंतीवरच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत रंगाप्रमाणे निवडून ठेवलेले फ्यूज. मामांच्या खिशात कायम एक दिवा, म्हणजे साधा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. आता बाजारात आकडे दाखवणारी मीटरं मिळतात, भाच्याने एक आणलंही होतं. मामा म्हणत, “आकडा वाचायला चष्मा लागतो. दिवा पेटला की आंधळ्यालाही कळतं.” आंधळ्याला कसं कळेल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दोन गोष्टींबद्दल मामा प्रसिद्ध होते. एक म्हणजे त्यांनी केलेला जोड कधी परत येत नाही. दुसरी म्हणजे कान. दोन वायरी पिळून, त्यावर सोल्डरचा डाग देऊन, वरून टेप गुंडाळून झाली की मामा टेपचं शेवटचं टोक नखाएवढं दुमडून ठेवत. पुढे कधी कुणाला तो जोड उघडावा लागला, तर टेपचं टोक शोधत नखांनी खरवडत बसायला नको. दुमडलेलं टोक चिमटीत धरायचं आणि ओढायचं. मामा त्याला कान म्हणायचे. “आपल्यामागून जो उघडेल त्याने आपल्या नावाने खडे फोडू नयेत,” हा त्यामागचा विचार. रस्त्यावरचे लोक हसायचे. “मामा, गाड्यांचे कानही टोचून देता का?” असं टायरवाला हमखास विचारायचा. मामा म्हणायचे, “आधी तुझे पिळतो, मग बघू.”

भाचा विसाव्या वर्षी त्यांच्याकडे आला, आता चाळिशीला टेकला होता. मामांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं ते फ्यूज नव्हे, कान. पोरगा निघाला डावखुरा. मामांची टेप उजवीकडे वळत चढायची, त्याची डावीकडे. जोड कुठल्याही बाजूने बघा, वळसे सांगायचेच कोणाच्या हातचे आहेत ते. मामांचा उजवा कान, भाच्याचा डावा कान, अशी दोघांची घरगुती भाषा होती. तिसऱ्या कुणाला ती ठाऊक नव्हती, आणि असून उपयोगही नव्हता.

त्या दिवशी सकाळी भाचा सामान आणायला बाजारात गेला होता आणि मामा एकटेच होते. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी अंगणात शिरली. बाई गोठ्यागोठ्यांतून फिरायच्या, त्यामुळे गाडी चाकांपासून आरशापर्यंत चिखलाने माखलेली. लसी थंड ठेवायची एक पेटी त्यांच्या डिकीत असे. त्या पेटीसाठी तीन महिन्यांपूर्वी मामांनीच डिकीत वेगळा पॉइंट बसवून दिला होता, डॅशबोर्डवर मोबाइल चार्जिंगचा असतो तसाच.

“मामा, डिकीतला पॉइंट मेलाय.”

“मेलाय की झोपलाय ते बघू. कधीपासून?”

“काल दुपारी बघितलं. पेटीचा दिवा बंद, आतल्या लसी कोमट. एकशेवीस वासरांच्या लसी होत्या हो. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या.”

मामांच्या चेहऱ्यावरची थट्टा ओसरली. त्यांनी बाईंना स्टूल दिलं आणि कामाला लागले. त्यांची पद्धत ठरलेली होती, आधी संशय परक्यावर, मग घरच्यांवर. परकी म्हणजे पेटी. ती त्यांनी टेबलावरच्या बॅटरीला लावली, तर ती लगेच घुर्र करून चालू झाली. पेटी निर्दोष सुटली. मग त्यांनी पॉइंटच्या नळीत टॉर्चचा उजेड टाकून बघितलं. या नळीत लोकांच्या खिशातली नाणी पडतात, पिना पडतात आणि फ्यूज उडतो. इथे गवताची एक काडी सोडून काही नव्हतं. मग फ्यूज. तो काढून उजेडाकडे धरला, आतली तार शाबूत. मग खिशातला दिवा निघाला. त्याची एक वायर गाडीच्या पत्र्याला आणि दुसरी फ्यूजला लावली, तर दिवा लख्ख. तीच वायर डिकीतल्या पॉइंटला लावली, तर अंधार.

“फ्यूजपर्यंत करंट येतोय,” मामा म्हणाले, “आणि इथे पोचत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी रुसून बसलाय.”

बाई हसल्या. मामांनी मागची सीट उचलली, गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली आणि वायर बोटांत धरून माग काढत निघाले. सीटच्या कोपऱ्यात जोड सापडला. त्यांनी सवयीने कान धरला, टेप ओढली आणि जोड त्यांच्या हातात चक्क दोन तुकडे होऊन आला. पीळ अर्धवट होता. निम्म्या तारा कापलेल्या होत्या. सोल्डरचा गोळा पिळावर बसायचा तो बाजूला, नुसत्या टेपला चिकटलेला. उरलेल्या चारदोन तारांनी तीन महिने पेटीचा भार ओढला होता आणि शेवटी काळ्या पडून तुटल्या होत्या.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कुणी केलाय हा जोड? असल्या माणसाचे हात तोडायला पाहिजेत! जनावराच्या जिवावर उठलाय मेला!”

“मामा,” बाई बिचकत म्हणाल्या, “या गाडीला तुमच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.”

मामांनी हातातल्या टेपकडे बघितलं. वळसे उजवीकडे चढले होते. टोकाला नखाएवढा दुमडलेला उजवा कान होता.

बाईंनाच अवघडल्यासारखं झालं. “होतं एखाद्या वेळी. कुठे घासली असेल वायर,” त्या म्हणाल्या. “गाडी ठेवून जाते. चार वाजता येईन. आणि मामा, जोड मी आल्यावर माझ्यासमोर करा, म्हणजे मीही शिकेन. पण तुम्हीच करा हं. भाचा चांगला आहे, नाही असं नाही, पण माझा भरवसा तुमच्या हातावर.”

बाई गेल्या. मामा सीटच्या रिकाम्या जागेत बसून राहिले.

आता इथे मामांचं एक गुपित सांगायला हवं. सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट शेंड्याला बधीर झालं होतं. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. चिमटीत तार आली आहे की नुसती हवा, हे बघितल्याशिवाय कळेना. मामांनी ते कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरला नाही, बायकोला नाही, भाच्याला तर नाहीच. वायरमनची चिमूट गेली म्हणजे उरलं काय? सुरुवातीचे दोन महिने त्यांना झोप नव्हती. रोज वाटायचं, आज एखादी गाडी परत येणार. पण एकही आली नाही. आठवडे गेले, महिने गेले, मामांचे जोड पूर्वीसारखेच टिकत होते. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की बोटं गेली तरी हात शहाणा आहे, एवढ्या वर्षांत तो आपला आपण चालायला शिकलाय. त्या एका समजुतीवर ते पुन्हा ताठ चालायला लागले होते.

आणि आज ही गाडी परत आली होती.

मामा उठले. अंगणात पाववाल्याची व्हॅन उभी होती. परवाच त्यांनी तिच्या हेडलाइटच्या वायरीचा जोड केला होता. इथेही तसंच असेल तर? पहाटे अंधारात निघणारी गाडी, तिचा दिवा वाटेत गेला तर? त्यांनी घाईघाईने बॉनेट उघडलं, जोड शोधला आणि टेप सोडवली. आत पीळ घट्ट, एकूण एक तार जागेवर, सोल्डर तुपासारखं आत मुरलेलं. देखणं काम. मामांच्या जिवात जीव आला. “नाही, हात शाबूत आहे,” असं ते चक्क मोठ्याने म्हणाले. मग टेप परत गुंडाळायला घेतली, तेव्हा त्यांना दिसलं की वळसे डावीकडे चढत होते.

त्यांना आधी अर्थच लागला नाही. हा जोड त्यांनी स्वतः केला होता, परवा दुपारी, जेवायला वर जायच्या आधी. शेजारी ड्रायव्हिंग शाळेची गाडी होती, तिच्या हॉर्नचा जोड गेल्या महिन्यातला. डावा कान. सुताराची जुनी गाडी दारातच उभी असायची, तिचा ब्रेकलाइट गेल्या वर्षी केलेला. डावा कान. मामा बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते हेच असावं, फक्त मामांच्या पायाखाली फरशी होती, तेलाचे डाग पडलेली, एकतीस वर्षांची ओळखीची, आणि ती बेइमान होऊन सरकत होती.

भाचा बाजारातून आला तेव्हा तिन्ही गाड्या उघड्या पडल्या होत्या. त्याने एकदा गाड्यांकडे बघितलं, एकदा मामांच्या हातातल्या टेपकडे, आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

“कधीपासून?” मामांनी विचारलं.

भाचा पिशवीतलं सामान काढायला लागला.

“कधीपासून रे?”

“दोन वर्षं झाली. थोडं जास्तच.”

“मी वर जेवायला गेलो की?”

“जेवायला गेलात की. नाहीतर संध्याकाळी तुम्ही गेल्यावर.” भाचा खाली मान घालून बोलत होता. “मामा, दहातले सात तरी चांगलेच असायचे तुमचे.”

“खोटं बोलू नकोस.”

“...चार.”

“मग ते चार तरी राहू दिलेस का?”

“कसे ठेवणार? कुठला चांगला ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावर नवाच करावा लागतो.”

हे मात्र बरोबर होतं. मामांनीच शिकवलं होतं, उघडलेला जोड पुन्हा वापरायचा नाही. आपल्याच शिकवणीने आपल्यालाच पुसून टाकलं होतं. “म्हणजे दोन वर्षांत,” मामा हळूहळू म्हणाले, “या अख्ख्या रस्त्यावर माझ्या हातचा एकही जोड शिल्लक नाही.”

भाच्याने डॉक्टरीणबाईंच्या गाडीकडे बघितलं. “एक आहे. त्या दिवशी मला ताप होता, मी आलोच नव्हतो. नंतर दोनदा फोन केला मी बाईंना, एकदा गाडी दाखवून जा म्हणून. त्या म्हणाल्या, मामांनी केलंय ना, मग कशाला?”

मामांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते वेगळंच होतं. गेल्या वर्षी ड्रायव्हिंग शाळेवाल्यासमोर त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, “बघा, माझा जोड परत आलेला दाखवा, दुकान बंद करतो!” तेव्हा भाचा शेजारी उभा होता आणि त्याने मान हलवली होती. “हो ना, मामांचा हात म्हणजे हात,” असंही म्हणाला होता. त्या हललेल्या मानेची मामांना आता किळस आली. चोरी केली असती, गल्ला रिकामा केला असता, तर एकदा शिव्या घालून मोकळे झाले असते. याने तर त्यांना दोन वर्षं गादीवर बसवून आरती ओवाळली होती, आणि गादीखाली दुकान दुसऱ्याच्याच हातांनी चाललं होतं.

“तुला कळलं कसं पण? मी तर कुणाला...”

“मला नाही कळलं,” भाचा बोलून गेला.

“मग कुणाला कळलं?”

भाच्याने जिन्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

मामांचा हात आपोआप छातीवर गेला. शर्टाला टिचबटणं होती. सगळ्याच शर्टांना होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांच्या बायकोने बसून सगळ्या शर्टांची बटणं काढली होती आणि टिचबटणं लावली होती. “हल्ली हीच फॅशन आहे, काजं फाटत नाहीत,” असं म्हणाली होती. मामा खूश झाले होते. रोज सकाळी बटणाशी झटापट करायचे ते सुटले होते, आणि कुणाला न कळता सुटले होते, असं त्यांना वाटलं होतं.

दीड वाजता वरून जेवायला हाक आली. मामा गेले नाहीत. पुन्हा आली, तरी गेले नाहीत. भाच्याने “मामा, दोन घास तरी,” म्हणून बघितलं, तर म्हणाले, “का? अजून कुठला जोड बदलायचा राहिलाय?” भाचाही वर गेला नाही. मग दोघे चार वाजेपर्यंत समोरासमोर बसून राहिले.

चारला बाई आल्या. मामांनी सोल्डरिंग आयर्न तापवून ठेवलं होतं. वायरीची टोकं सोलून तयार होती. बाई कौतुकाने वाकून उभ्या राहिल्या. मामांनी आयर्न उचललं. भाचा एकदम पुढे झाला आणि थांबला. मामांना ते दिसलं. त्यांच्या मनात आलं, करावा जोड. बाई खूश होऊन जातील, आणि उद्या हा काहीतरी निमित्त काढून गाडी बोलावेल, सीट उचलेल आणि डावा कान लावून ठेवील. गाडा असाच चालू राहील. कुणाचंच काही बिघडणार नाही.

त्यांनी आयर्न भाच्यापुढे धरलं.

“हा करेल.”

“अहो मामा, सकाळीच म्हटलं ना मी, तुम्हीच करा. याने नको.”

“बाई, मागच्या वेळी मीच केला होता,” मामा म्हणाले. “तुमच्या एकशेवीस लसी त्यातच गेल्या. माझी बोटं मेलीत. सव्वादोन वर्षं झाली. आजवर माझं म्हणून तुम्ही सगळे जे नावाजत होता, ते याचं काम आहे.”

बाईंनी मामांच्या हाताकडे बघितलं आणि नजर वळवली. भाच्याने आयर्न घेतलं. पीळ सुरेख बसला. सोल्डर वितळून आत गेलं. त्याने टेप गुंडाळली आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे टोक नखाएवढं दुमडलं. मामांनी खिशातला दिवा काढून डिकीतल्या पॉइंटला लावला. दिवा लख्ख पेटला. मग पेटी लावली, तीही घुरघुरली. बाईंनी दोघांचे आभार मानले, आणि कुणाचे जास्त मानावेत हे न कळल्यामुळे जरा घाईतच निघून गेल्या.

गाडी वळणाआड गेल्यावर भाचा म्हणाला, “मामा, मी वाईट हेतूने नाही हो...”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “तेच तर कठीण आहे. वाईट हेतू असता तर सोपं होतं. दोन वर्षांत शेकड्याने जोड केलेस आणि एकूण एक जोडाला कान ठेवलास. माझ्या कानावर घालायचं तेवढं विसरलास.”

भाच्याचे डोळे भरून आले. मामांनी ते बघितले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. एरवी ठेवला असता.

ते जिना चढून वर आले. बायको खिडकीशी बसली होती. झाकून ठेवलेलं दुपारचं ताट टेबलावर तसंच होतं. खालचं सगळं वर ऐकू येतं, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं.

“दोघांनी मिळून चांगला मामा बनवलात मला,” ते म्हणाले.

तिने वळून बघितलं. “आणि तुम्ही हो? माझ्या शेजारी झोपता. रात्री हात चोळत बसता. मी विचारलं तर म्हणता, थंडी आहे. मे महिन्यात थंडी? मला कोण म्हणून धरलंत तुम्ही?”

तिचं म्हणणं खरं होतं, पण त्याने त्यांचं दुखणं तिळभरही कमी झालं नाही. दोन माणसांवर त्यांनी उभ्या जन्मात डोळे मिटून विसंबावं, आणि त्या दोघांनीच त्यांना मिटल्या डोळ्यांनी दोन वर्षं फिरवावं. ते ताटाशी बसले नाहीत. त्यांनी टिचबटणं टचाटच ओढून शर्ट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“ही काढून टाक. होती ती बटणं लाव.”

“आणि घालणार कशी तुम्ही ती?” तिने विचारलं.

“नाही घालता येणार मला. रोज सकाळी तू लावून दे. माझ्यासमोर उभी राहून लाव,” मामा म्हणाले. “माझं काम दुसरं कुणीतरी करतंय, हे निदान मला दिसू दे.”

उठून तिने शिवणाचा डबा काढला. डब्याच्या तळाशी एका पुडीत सगळ्या शर्टांची जुनी बटणं तिने जपून ठेवली होती, एकही हरवलं नव्हतं.